बायजाबाईची चौकशी

बांधावरून खाकी येताना दिसली, तशी बायजाबाई डोक्यावरची मिठाची टोपली उतरवून खोपटात शिरली. शेजारच्या सरूनं लगेच दारात बूड टेकलं, लुगडं पसरून. कोणी कोणाला काय सांगितलं नाय. तीस वर्षं हे असंच चाललेलं.

हवालदार हैबतरावांनी सायकल आडवी टाकली. पेणपासून या मिठागरापर्यंत ऊन खात आले होते. मीठ ओढणारी माणसं खाली मान घालून मीठच ओढत राहिली.

"बायजाबाई केरू म्हात्रे इथंच ऱ्हाते ना?"

"नाय," सरू म्हणाली. "रोह्याला गेली. लेकीकडं."

"हमरापूरला गेली, गणपती रंगवायला," तिकडून मीठ ओढणारा पुंडलिक म्हणाला. दोघं एकदमच बोलले.

मागून कान्हू म्हाताऱ्यानं मान वर न करता सांगितलं, "मेली."

हैबतरावांनी टोपी काढून घाम पुसला. "आधी तुमचं तुम्ही एक काय ते ठरवा. मेलेली बाई रोह्याला कुठल्या गाडीनं गेली?"

पुंडलिक परत मीठ ओढायला लागला.

"अरे, धरायला नाय आलो. धाटावला कंपनीत हाय ना तिचा जावई, त्यानं तिचा अर्ज भरलाय. हिला इथली नागरिक करा म्हणून. ती इथं ऱ्हाते, एवढं दोन माणसांनी मला सांगायचं. नायतर अर्ज गेला. मग बाईला कराचीला धाडतील."

"पासष्ट सालच्या लढाईतपन असंच सांगितलेलं," सरू म्हणाली. "नुस्तं नाव लिवून घ्यायचं हाय म्हनून. तिच्या बापाला नेला, तो दोन वर्सं आला नाय."

"तवा कायदा वेगळा होता."

"मग हा कितवा?"

हैबतराव तिथंच बांधावर बसले. "पयलं परमिट होतं. मग पासपोर्ट. पंचावन्न साली कायदा झाला, शहाऐंशीला बदलला, आता ब्याण्णवला परत. दिल्लीत कायदा हलला की इथं माझी सायकल हलते. मला काय विचारता मावशी, मला येत्या वर्षी पेन्शन हाय."

सरूच्या खांद्यावर मागून हात पडला. बायजाबाई बाहेर आली होती.

"मीच ती," ती म्हणाली. "अर्जावर आंगठा मीच दिला, हवालदारदादा. तरी खाकी बघून पाय आत गेलं." ती सरूच्या बाजूला बसली. "बाप कराचीच्या मिठागरावर गेला, तवा नुस्तं बोटीचं भाडं लागायचं. मी तिथं जन्मले. मागनं मधी हद्द पडली. दहा वर्सांची बापासंगं इथं आले, इथंच लगीन झालं, इथंच नवरा जाळला. आता लपायचा कंटाळा आला."

"तुम्ही सांगून चालत नाय बाई." हैबतराव सरूकडं वळले. "तुम्ही सांगा. ही कोण?"

सरूनं लुगडं आणखी पसरलं.

"सांग गो," बायजा म्हणाली. "खरं सांग."

खाकीपुढं या नावाला सरूनं कधी व्हय म्हटलं नव्हतं. तिनं हवालदाराचा पट्टा बघितला, बूट बघितले.

"मी नाय वळखत हिला," ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिनं बायजाचं मनगट दोन्ही हातांनी असं आवळलं, की मिठानं तडकलेली तिची बोटं पांढरी पडली.

हैबतराव त्या हातांकडं बघत राहिले. मग हळूच टोपी डोक्यावर चढवली.

"बरं. एक साक्षीदार झाला," ते म्हणाले. "दुसरा कोण?"