मैदानाची वही

टक्कन चष्म्याची डबी मिटली, आणि आई दचकून जागी झाली. शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून ती बसल्याबसल्याच पेंगली होती. घर चिडीचूप होतं.

"चष्मा का काढलास?" तिने खाली न बघताच विचारलं.

"जवळचं मला तसंच दिसतं," मशीनशेजारी बसलेली भिंगरी म्हणाली. "फक्त लांबचं दिसत नाही."

भिंगरी हे बाबाने ठेवलेलं नाव. वय वर्षं सहा. नावाची भिंगरी, पण दिवसभर एका जागी. मांडीवर शाळेच्या खेळाच्या चड्ड्यांचा ढीग, हातात सेफ्टी पिन, आणि नाक कापडाला टेकलेलं. नाडी ओवायचं काम तिचं. चड्ड्या क्रीडादिनाच्या होत्या आणि उद्या सकाळी शाळेत पोचवायच्या होत्या. अजून अठरा बाकी होत्या.

"आई, मैदानाची वही पण उद्याच द्यायचीय."

आईने डोळे मिटून घेतले. वही ती साफ विसरली होती.

वर्षभरात पोरीचा नंबर दोनदा वाढला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. म्हणाले, "रोज तासभर बाहेर खेळू द्या. उजेडात. लांबचं बघू दे तिला. नाहीतर हा नंबर चढतच जाणार." शाळेच्या खेळाच्या बाईंनी त्यावर वही काढून दिली. तारीख, खेळ, कुणाबरोबर आणि आईची सही. महिन्याची वही भरली की बाई ती डॉक्टरांना दाखवणार, आणि पुढचं काय ते डॉक्टर ठरवणार.

आईने वही उघडली. पहिल्या तीन ओळी भरलेल्या होत्या. ते तीन दिवस खरे होते. तिसऱ्या दिवशी 'खेळ' या रकान्यात भिंगरीने लिहिलं होतं, 'मुंग्या बघितल्या', आणि शेजारी बाईंचा लाल शेरा होता, 'हा खेळ नव्हे.' चौथ्या दिवशी चड्ड्यांचं काम आलं. त्यापुढे सगळं कोरं.

"अजून ऊन आहे, आई. आत्ता जाऊया?"

आईने खिडकीकडे पाहिलं. ऊन होतं. मैदानही काही लांब नव्हतं, चार घरं ओलांडली की आलंच. तिने ढिगाकडे पाहिलं.

"उद्या जाऊ हं, राणी. उद्यापासून रोज. आज वही तेवढी पुरी करू. पेन आण. सगळी आण, असतील नसतील तेवढी."

कामाला ती पक्की होती. फाटक्या कोटाला रफू केलं तर टाका कुठला ते मालकालाही सापडायचं नाही. तिने एकही आठवडा एका पेनने भरला नाही. सोमवार निळ्या पेनने, मंगळवार काळ्या, बुधवारी निळ्याची शाई संपत आल्यासारखी फिकट. एका सहीवर तिने ओलं बोट फिरवलं. गुरुवारी भुरभुर पाऊस आला असेल, असू दे.

"बरं, सोमवारी काय खेळलो आपण?"

"दोरीउड्या!" भिंगरी जवळ सरकली. "मी शंभर मारल्या."

"शंभर? बाई विश्वास नाही ठेवायच्या. बारा लिहिते."

"वीस तरी!"

"बरं बाई, पंधरा. मंगळवारी?"

"शिवाशिवी. तू पडलीस."

"मीच का पडले?"

"तू दमलेली असतेस ना, म्हणून."

आई हसली. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे. मग दोघींना रंगच चढला. चेंडू नाल्यात गेला, एका आजोबांनी काढून दिला. एका कुत्र्याने भिंगरीची टोपी पळवली, मग परत आणून दिली. भिंगरी हातवारे करून सांगत होती, आई लिहीत होती, आणि सुईला दोरा तसाच लोंबत होता. वही भरत आली. शेवटची ओळ आजची उरली.

"आज लपंडाव," आई म्हणाली. तिने लिहिलं, 'लपंडाव. आईबरोबर.' खाली सही ठोकली.

आतल्या खोलीचं दार करकरलं. बाबा डोळे चोळत बाहेर आला. तो रात्रपाळीचा पहारेकरी, दिवस हीच त्याची रात्र. मशीन घरघरत असलं की तो ढाराढूर झोपायचा, थांबलं की जागा व्हायचा.

"काय गं, मशीन बंद? काम संपलं की काय?"

"बाबा, माझी वही बघ!" भिंगरीने वही त्याच्या हातात कोंबली.

बाबा उभ्याउभ्याच पानं चाळू लागला. वाचता वाचता त्याची झोप उडाली. "दोरीउड्या... शिवाशिवी... अरे, कुत्र्याने टोपी पळवली? आणि मला कुणी सांगितलंच नाही!" त्याने शेवटची ओळ वाचली आणि आईकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "एवढं काम अंगावर असताना रोज हिला घेऊन जातेस. मी आपला घोरत पडलेला. कसं जमतं गं तुला?"

आईने मान खाली घालून एक चड्डी ओढली. नाडी ओवलेलीच होती, तरी ती टोकं चाचपत बसली.

भिंगरीने चष्मा चढवला आणि वही परत घेतली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द वाचत राहिली. मग आईच्या बाहीला धरून तिने हळूच विचारलं,

"आई, लपंडावात तू मला शोधून काढलंस का गं?"