बारावं वळण

गॅरेजात चार मोटरी होत्या, सोळा बोल्ट, एक सीट आणि प्लामेनच्या, माझ्या भावाच्या, चेंदामेंदा झालेल्या रेसकारमधली नोंदींची चिप. तिच्या आकड्यांवर हलणारा सिम्युलेटरचा चौथरा मी जोडला आणि मेकॅनिक स्तामेनकाकांना बोलावलं.

"ब्रेकच मारला नाही त्यानं," काका आल्या आल्या सुरू झाले. "माजलाय! क्लबातून हाकलला ते बरंच झालं."

"बसा. ब्रेक लागून गाडी मंदावली की सीट पुढे झुकते."

"पोरी, मला ब्रेक शिकवतेस? ते मीच बसवले होते!"

"म्हणूनच बोलावलंय. पट्टा आवळा."

मी अपघाताची फेरी लावली. अकरा वळणांवर सीट साठ-साठ मिलिमीटर झुकली. बाराव्या वळणावर, चिपच्या नोंदीत, प्लामेनच्या पायाखालचं ब्रेकचं पेडल शंभर टक्के दाबलेलं होतं. सीट झुकली शून्य मिलिमीटर.