पाच पंच आणि दगा पाटलाची गुडाखू

सुज्ञ वाचकहो, तंबाखूसारख्या क्षुद्र वस्तूवर एका कन्येचे भवितव्य कसे टांगले गेले होते, ते येथे यथामति व सत्यास धरून निवेदन करितो.

दगा पाटलाने गुडगुडीतील पाणी त्या दुपारी तिसऱ्यांदा बदलले. पाच पंच ओटीवर येऊन बसले होते. राम राम झाला होता. परंतु नळीस अद्याप कोणीही हात लावला नव्हता. दगा बसे, उठे, निखारे फुंकी, पुन्हा बसे. त्याचे चित्त क्षणभरही ठिकाणावर नव्हते.

गाव तापीकाठचे, शहाद्यापासून दोन कोसांवर. दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा. चार वर्षांपूर्वी हाच दगा पाटील सातपुड्याच्या पायथ्याशी पुरात अडकला होता. एका भिलाने त्यास आपल्या झोपडीत घेतले, शेक दिला व आपली चिलीम पुढे केली. दगाने ती ओढली. ही वार्ता गावी पोहोचली आणि पंचांनी त्याची गुडगुडी बंद केली. म्हणजे असे, की त्याच्या घरची नळी जातीतील कोणी तोंडास लावावयाची नाही, व आपली नळी त्यास द्यावयाची नाही. चूक कबूल कर, असे पंचांनी सुचविले. दगा म्हणाला, “मी मरी ऱ्हायंतू. त्यानी चिलीम दिधी, मी वढी. आजबी वढसू.”

त्याच दिवसापासून त्याच्या कन्येचा, शांतीचा, विवाह अडला. दोधू पाटलांच्या मुलाशी तो ठरला होता. मुलगा थांबून राहिला, हे खरे. तथापि यंदा दोधू पाटलांच्या दारी परगावचे सोयरे मुली सांगत येऊ लागले होते.

गाव मात्र दगाशी कधी वाकडे बोलले नाही. वाटेत जो भेटे, तो त्याच्या केळीच्या बागेची तारीफ करी, बैलांची तारीफ करी, आणि पुढे निघून जाई.

आणि एकाएकी मुख्य पंच नवलसिंग आप्पांचा निरोप आला : “उद्या तुन्ही गुडाखू देखाले येतस.”

गुळात व फळांत मळून मुरविलेली ही गुडगुडीची तंबाखू करण्यात दगाचा हात कोणी धरीत नसे. पूर्वी प्रत्येक लग्नात त्याच्याच घरची गुडाखू जाई. सबब निरोप ऐकताच त्यास वाटले, आपली परीक्षा होणार. जमिनीत पुरलेले मडके त्याने उकरून काढिले. चाळीस दिवस मुरलेली केळी, वाळलेली बोरे, गूळ. हुंगून पाहिले. उत्तम वाटले. पुन्हा हुंगले. संशय आला. पहाटे उठून त्याने गूळ वाढविला. सकाळी वाळा कुटून घातला. दुपारपर्यंत इतक्या वेळा हुंगले, की अखेरीस त्यास वासच येईना.

पत्नी कमलबाई त्रासून म्हणाली, “आवो, आते हात लावू नका! ती गुडाखू शे, आजारी वासरू नही!”

ओटीवर आप्पांनी सावकाश नळी उचलली. आप्पांनी डोळे मिटले व दीर्घ झुरका घेतला. पाणी गुडगुडले. पक्व केळ्याचा गोड सुगंध ओटीभर पसरला. दगाने श्वास रोखून धरिला.

आप्पांनी धूर सोडला. कपाळास आठ्या घातल्या.

“गूळ जास्ती पडना, दगा. धूर चिकट लागस.”

दगाचे तोंड उतरले. नळी दुसरे पंच लोटन पाटलांकडे गेली. त्यांनी दोन झुरके घेतले व मान हलविली. “केळं कच्चं व्हतं. हाई गुडाखू शे का भाजी?”

तिसऱ्याने बोरे आंबट म्हटली. चौथ्याने पाणी ताजे नाही म्हटले. अखेरीस पाचवे पंच, मुलाचे वडील दोधू पाटील. त्यांनी मिशा सावरल्या, झुरका घेतला, खोकले, आणि डोळे पुसत म्हणाले, “वाळा इतला टाका, जसा नवरदेवना फेटाच जळी ऱ्हायना!”

पंच खदखदून हसले. दगास ते हास्य सुरीसारखे लागले. त्याने पुढे होऊन गुडगुडी उचलू पाहिली. “आप्पा, ऱ्हाऊ द्या. मी फेकी देस.”

“हात काढ,” आप्पा गरजले. “मन्हं वढनं बाकी शे.”

दगा तडक घरात गेला व चुलीपाशी मटकन बसला. चार वर्षे त्याने डोळ्यांस पाणी येऊ दिले नव्हते. आता मात्र ते वाहू लागले. दाराआड शांती उभी होती; तिच्याकडे पाहण्याचे धैर्य त्यास होईना.

“गयं सगळं,” तो म्हणाला. “एकबी जनले पसंद पडनी नही. पाची जनस्नी नावं ठेवात.”

कमलबाई परातीत कणीक काढीत होती. पाच पाहुण्यांस पुरून उरेल इतकी. तिने नवऱ्याकडे पाहिले, आणि तिला हसू आवरेना.

“आवो,” ती म्हणाली, “नावं ठेवाले आधी वढनी पडस!”

येथवर शांतपणे वाचलेत, याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
सुकलाल दोधू पाटील
(दगा पाटलांचा जावई)