गुप्त धाड

कर्वेनगरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात निवृत्त इन्स्पेक्टर रणनवरे ‘पुण्यातल्या टोळ्या आणि मी’ या विषयावर बोलत होते. सोपानभाईच्या घरावरच्या धाडीपर्यंत येता येता ते चांगलेच रंगात आले.

“धाड इतकी गुप्त, की कुठे निघालोय हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं! सकाळी सातला दारात हजर. भाई तेवढा निसटला, नाहीतर त्याच दिवशी आत गेला असता. आम्ही होतो दहा... की अकरा?”

“अकरा,” मागच्या रांगेतून द्वारकाबाई म्हणाल्या.

साहेब खूश झाले. “वा! पेपरात वाचलेलं अजून लक्षात आहे तुमच्या?”

“पेपरात कशाला? सोपानभाई म्हणजे आमचे हे. तुम्हा अकरा जणांचे पोहे मीच केले होते.”

सभागृहात हशा पिकला. साहेब गडबडले. “काहीतरीच काय बाई! पोलीस दारात आल्यावर अकरा जणांचे पोहे होतात का कधी?”

“तेच म्हणते मी. म्हणून तर तुम्ही आदल्या दिवशी फोन केलात, आणि दोघांचा चातुर्मास आहे, त्यांचे बिनकांद्याचे करा, हेही आठवणीने सांगितलंत.”