तेरा दात

“दात मोज. मग दुसऱ्याकडून मोजवून घे. आपले डोळे आपल्या मनासारखं मोजतात.”

उस्तादांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी पाना हातात आला की तो खरखरीत आवाज मिस्त्रीच्या कानात उठायचाच. गॅरेजचा रिवाजच होता तो. चेन ओढणारं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, बसवण्याआधी एकदा मिस्त्रीने मोजायचं, एकदा गाडीच्या मालकाने, तेही मोठ्याने. मग मालकाने त्यावर खिळ्याने आपली खूण कोरायची. त्यानंतरच झाकण लागायचं.

आज झाकणाच्या पहिल्या बोल्टला पाना लावून मिस्त्री नुसताच बसला होता.

“बाबा, मुहूर्त बघताय का?” त्याची मुलगी हेल्मेट न काढताच दारापासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होती. “बाराला चाचणी आहे. साडेनऊ वाजून गेले.”

रक्ताच्या पिशव्या एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवायचं काम होतं. त्यासाठी स्वार निवडत होते. अट एकच, आपल्या गाडीवर सपाट रस्त्याला नव्वदचा वेग टिकवून दाखवायचा. गेल्या आठवड्यात ती नापास झाली होती. ऐंशीलाच गाडी किंचाळायला लागली होती. आजची संधी दुसरी, आणि शेवटची.

“हे बसवा.” तिने पिशवीतून नवंकोरं चक्र काढून त्याच्यापुढे धरलं. “मागच्या चाकाचं. तीन दात जास्त आहेत. दुकानदार म्हणाला, असा पिकअप येईल की गाडी उडेल.”

“त्याला विकायचंय. तो म्हणेल, हे लावा, गाडी अंडीसुद्धा घालेल.”

“मग तुम्ही सांगा. जोर कमी पडतोय, म्हणजे पिकअपच हवा ना?”

“पिकअप उठायला लागतो, पोरी. पळायला नाही.” आणि उस्तादांनी बांधलेली चारोळी त्याच्या तोंडून आपसूक निघाली:

“पुढे दात कमी, चढाची हमी;
लांबच्या वाटेला दम पडे कमी.
मागे दात वाढव, तीच गत होई;
दोन्हीकडे धावणारी गाडीच नाही.”

ती थांबली. “मग माझ्या गाडीला आधीच दम का नाही? जागेवरून तर हरणासारखी उठते. परवा विचारलं तर म्हणालात, इंजिन म्हातारं झालंय.”

मिस्त्रीने बोल्ट फिरवला. “जा, मागच्या नळावर तोंड धुऊन ये. घामाने निथळतेयस.”

ती गेली. झाकण निघालं. आत काळं ग्रीस, आणि ग्रीसखाली पुढचं छोटं चक्र. त्याला मोजायची गरज नव्हती. त्याने खालचा खण उघडून तेलकट फडक्याची एक पुरचुंडी काढली, उघड्या झाकणाशेजारी ठेवली. नट सैल करायचा, हे काढायचं, ते बसवायचं, मागचं चाक बोटभर पुढे सरकवायचं, झाकण लावायचं. तोंड पुसत ती येईल तेव्हा म्हणायचं, चेन कोरडी पडली होती, बाकी काही नाही. बाराला गाडी नव्वद गाठेल. पोरगी हसत परत येईल आणि म्हणेल, बाबांच्या हाताला गुण आहे.

मागे नळाचं पाणी वाहत होतं. त्याने नटावर पाना चढवला. चढवला, आणि काढून घेतला. पुन्हा चढवला. पाणी बंद झालं.

त्याने पाना जमिनीवर ठेवला.

“ये गं. आधी मोज.”

“तुम्ही मोजलंत ना? मग झालं की.”

“मालकाने मोजायचं असतं.”

ती उकिडवी बसली. फडक्याने ग्रीस पुसलं आणि एकेका दातावर नख ठेवत मोठ्याने मोजू लागली. तेरानंतर नख पहिल्या दातावर परत आलं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं, या वेळी हळू. पुन्हा तेरा.

“पंधरा असतात ना हो?”

“पंधरा.”

“आणि यावर माझी खूणही नाही.”

त्याने पुरचुंडी तिच्याकडे सरकवली. तिने फडकं उलगडलं. आत पंधरा दातांचं चक्र होतं, तेलाने चकचकीत. कडेला खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी चांदणी, गाडी आणली त्या दिवशीची. ती कोरताना तिचं बोट कापलं होतं आणि बाबांनी फुंकर घातली होती.

नळावरून येताना पुन्हा चढवलेलं हेल्मेट तिने काढलं. मघापासून येरझारा घालणारे तिचे पाय आता हलत नव्हते. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज लांब लांब जाऊन विरला.

“बाबा, हे किती दिवस खणात होतं?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं,” ती म्हणाली. चक्र तिने उजेडाकडे फिरवलं. “कुठे गंजाचा ठिपका नाही. तेल कोण लावत होतं?”

“मीच. दर महिन्याला.” मिस्त्रीने हात पुसले, ते आधीच पुसलेले होते. “महामार्गावरून तू कोपर सोलून घेऊन आलीस ना, तू झोपल्यावर बदललं. कुणाकडून मोजवून घेतलं नाही. म्हटलं, गावात पळेल तेवढी पुरे. इंजिन ठणठणीत आहे, पोरी. घाबरलो होतो मी.”