गुणी मशीन

बिस्किटांच्या कारखान्यात धातू शोधणारं नवं, महागडं मशीन दाखवायला आलेला विक्रेता मनातून खूश होता. पट्ट्यावरून पाकिटं सुटली आणि मशीनने लगेच बोंब ठोकली. एक पाकीट फोडलं तर आत तारेचा तुकडा, दुसरं फोडलं तर पात्याची कपची. आता ऑर्डर कुठे जात नाही, असं त्याला वाटलं.

"छे हो, हे फारच भांडखोर आहे," मालकांनी कानात बोटं घातली. "आमचं जुनं बघा. घरजावयासारखं कोपऱ्यात बसून असतं, पण इतक्या वर्षांत कधी चकार शब्द काढला नाही."

विक्रेत्याने खिशातून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि जुन्या मशीनमधून सोडला. जुडगा पलीकडे सुखरूप पोचला.

"पाहिलंत? किती गुणी!" मालक कौतुकाने म्हणाले. पॅकिंग सांभाळणाऱ्या त्यांच्या मेहुण्यानेही मान डोलावली आणि नव्या मशीनचा विषय तिथेच संपला.

मालक मनाचे मात्र दिलदार. पाहुण्याला असंच हात हलवत परत कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी त्याला केबिनमध्ये नेऊन चहा मागवला. सोबत बशीभर बिस्किटं आली. विक्रेत्याचा हात बशीपाशी जाऊन अडखळला. मालकांच्या ते बरोबर लक्षात आलं.

 

"घ्या हो, बिनधास्त घ्या! ही आपली नाहीत, बाहेरची आहेत. माझ्या नातवंडांनाही मी हीच देतो."