आवाज बंद करून

दीपिका लॅपटॉपशेजारी उभी होती. पालघरच्या कॉलेजातला मीडियाचा वर्ग. प्रत्येकाने दुसऱ्याच्या म्युझिक व्हिडिओची चिरफाड करायची, आणि तिच्या वाट्याला नेमका शैलेशचा आला होता. पहिल्या बाकावरून विक्रम तिचं सगळं बोलणं मोबाईलवर शूट करत होता. समिधा मॅडमचा तसा दंडकच होता.

"सुरुवातीचे शॉट स्लो केलेत," ती म्हणाली. "कट ढोलाच्या ठोक्यावर पडतो, म्हणून साधं चालणंसुद्धा नाच वाटतं."

शैलेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं. केळव्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांचा हा मुलगा आधीच हवेत होता. उद्या गॅदरिंगला त्याचाच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लागणार होता.

"आणि तो गाजलेला शॉट?" मॅडमनी विचारलं.

दीपिकाने बटण दाबलं. ओहोळात धुणं धुणारी एक बाई. लुगडं ओलंचिंब, अंगाला चिकटलेलं. ती कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते, तिचे ओठ हलतात आणि गाणं वाजतं, "ये गो, ये गो!"

"लिप-सिंक बघा मॅडम," शैलेशला राहवेना. "पाड्यावरच्या बाईकडून एका टेकमध्ये करून घेतलंय."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

ती बाई दीपिकाची आई होती. काल मोबाईलवर तो शॉट पाहिल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. गप्प बसावं, तर उद्या अख्खं कॉलेज शिट्ट्या मारणार. बोलावं, तर आत्ताच सगळे त्या ओल्या लुगड्याकडे पुन्हा बघणार, आणि मग तिच्याकडे. संताप आणि लाज एकदमच दाटून आली.

"मॅडम, आवाज बंद करून बघू?"

"बघायलाच हवं. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय."

तिने आवाज बंद केला. संथ केलेला शॉट पुन्हा मूळ वेगात आणला आणि सुरू केला. आता बाईचा हात डोलत नव्हता, घाईघाईने झटकला जात होता. दीपिका पडद्यापाशी गेली, आपला हात तसाच वर केला आणि त्या ओठांबरोबर बोलू लागली.

"नको, नको रं पोरा! फोटू नको काडू, अंग भिजलंय माजं!"

शब्द आणि ओठ अचूक जुळले.

"ती हेच म्हणते कशावरून?" शैलेश उसळला.

"आई हाय ती माजी."

मॅडम शैलेशकडे वळल्या. "शॉटचा मूळ आवाज कुठे आहे?"

"काढून टाकला," तो खाली बघत पुटपुटला.

पडद्यावर शॉट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. दीपिकाचा हात अजून वरच होता. या वेळी ती पडद्याकडे न बघता, पहिल्या बाकावरून शूट करणाऱ्या मोबाईलकडे बघत बोलली.

"नको, नको रं पोरा..."

विक्रम दचकला. त्याने मोबाईल बाकावर उलटा ठेवला.

"बंद केला," तो हळूच म्हणाला.